आये खाली हाय

पुणे,
ता. ३ ऑगस्ट १९६४

ती. निवृत्तीदादाच्या सेवेशी धाकटी बहीण हिरा हिचा सविनय जयभीम. वि. वि. मी इथे खुशाल आहे. तुझ्या त्या पाझरणाऱ्या रेल्वे क्वार्टरात तुम्हीही खुशाल असाल, शकूवहिनीची कंबर आणि आपल्या धाकट्या केरबाची लग्नाची घाई दोन्ही ताळ्यावर असतील, असं धरून चालते.

पत्राला कारण, आपल्या मुलखातली एक पोर आमच्या रिमांड होममध्ये आली आहे. घोरावाडी स्टेशनात बाकाखाली झोपलेली सापडली. हवालदाराने हात धरला तर तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. तो बिचारा हाताला फडकं गुंडाळून तिला घेऊन आला आणि जाताना मला म्हणाला, बाई, पोर नाही ही, तरस आहे. वय सात-आठ. नाव येसू. गाव विचारलं तर औंढ्याच्या वरची वाडी. मी तिला न्हाऊ घातलं. केसांत चिखल वाळून त्याचे खडे झालेले, आणि हातांची नखं मुळापासून उखडलेली. डोंगर उतरताना धडपडली असणार. अंगावर माराचा वळ मात्र एकही नाही.

पहिल्याच दिवशी एका मुलीने कुत्रं हाकलायला काठी उचलली, तर हिने पितळी तांब्या घेऊन तिच्या डोक्यात घातला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर. मी मध्ये पडले तर माझ्या दंडावरही दात उमटले. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून बसली ती बसलीच.

तू सगळ्यांना सांगतोस की माझी हिरा तुरुंगात नोकरी करते. तसं नाही रे. चोऱ्यामाऱ्या केलेली पोरंही येतात, पण टाकून दिलेली, हरवलेली, घरात जीव नकोसा झालेली जास्त. त्यांचं काय करायचं, कुणाच्या ताब्यात द्यायचं आणि कुणाच्या अजिबात नाही, हे मुलांचं वेगळं कोर्ट ठरवतं. त्याआधी आमच्या प्रोबेशन अधिकारी आगाशेबाई पोरांशी बोलतात, घरी जाऊन चौकशी करतात. येसूला त्यांनी विचारलं, बाप मारतो का? तर म्हणाली, मला न्हाई मारलं, आयेला मारलं. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाली, आये खाली हाय. याच्यापुढे अक्षर नाही. बाई सदाशिव पेठेतल्या, त्यांना काही उमजेना. मी म्हटलं, बाई, आमच्या मावळात खाली म्हणजे घाटाखाली. कोकणात, खोपोलीला, नाहीतर पार मुंबईला. त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. तेवढ्यापुरती मी पंडित झाले.

बापाचं नाव शिदू सांगते, रेल्वेत आहे म्हणते. तुझ्या माहितीतला आहे का ते कळव. रतनला आत्याचा पापा. लोभ आहे तो पावसात भिजू देऊ नका.

तुझी,
हिरा

---

लोणावळा,
ता. ९ ऑगस्ट १९६४

चि. हिरा हीस दादाचे आशीर्वाद व जयभीम. तुझं पत्र पोचलं. वहिनीची कंबर तशीच, केरबाची घाई वाढती. त्याच्या लग्नाचं तूच बघ, म्हणजे तुझा तोंडाचा पट्टा त्याच्याकडे वळेल आणि मला विसावा मिळेल.

शिदू माझ्याच गँगमध्ये आहे. घाटातली लाइन आम्ही राखतो, त्यात तो पाच वर्षं पहार चालवतोय. गेल्या धुक्यात, गाडीला मागून ढकलत घाट चढवणारं इंजिन माझ्या पाठीमागून खाली येत होतं आणि मी रुळावर वाकलेला. मला ना दिसलं, ना ऐकू आलं. शिदूने मानगूट धरून मला ओढलं. माझी टोपी चाकाखाली गेली, टोपीतलं डोकं राहिलं. तुझ्या वहिनीचं कुंकू त्या माणसाने राखलं आहे हे ध्यानात घे.

त्याची बायको कमळा भातलावणीच्या दिवसांत गेली. त्यानेच गँगमध्ये मान खाली घालून सांगितलं, कमळा खाली गेली. कुणी खोदून विचारलं नाही, बायको पळाली म्हटल्यावर काय विचारायचं? पोर त्यानंतर नाहीशी झाली तेव्हा त्याने चार दिवस जंगल पालथं घातलं.

कमळाची आई भागूबाई लोणावळ्याच्या बाजारात रानभाजी विकते. परवा तिने भरबाजारात शिदूला आईबापावरून शिव्या घातल्या आणि दगड फेकून त्याचं कपाळ फोडलं. भुवईवरून रक्त गळत होतं आणि तो नुसता उभा. बोट उचललं नाही त्याने म्हातारीवर, मी डोळ्यांनी पाहिलं. असा माणूस पोरीला काय करणार? बायकोला मारलं म्हणशील, तर दोन थोबाडीत ठेवून देणारे गँगमध्ये सगळेच आहेत. म्हणून का सगळ्यांची पोरं तुमच्याकडे आणून ठेवायची?

पोरीला बापाच्या हवाली करा. माया पातळ करू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
दादा

---

पुणे,
ता. १७ ऑगस्ट १९६४

ती. दादाच्या सेवेशी हिराचा जयभीम, आणि आजच्यापुरता तो सविनय नाही.

दोन थोबाडीत! दादा, ते शब्द शाईने लिहिताना तुझा हात अडखळला नाही? माझा नवरा मला विहिरीच्या दोरीने मारायचा तेव्हाही तू येऊन असंच म्हणाला होतास, माणूस गरीब आहे, चारचौघांत मान वर करत नाही. तुझ्या शब्दावर मी परत गेले. पुढच्या खेपेला माझा कान फाटला. चारचौघांत मान खाली घालणारे घरात काय करतात ते घरातल्यांना विचार.

असो. झालं ते झालं, आणि तूच मला पुढे शिकवून नोकरीला लावलंस हेही मी विसरत नाही. पण येसूचं ऐक. शुक्रवारी कोर्ट भरलं. तू कधी पाहिलं नाहीस म्हणून सांगते. आमच्याच दिवाणखान्यात भरतं, पिंजरा नाही, उंच खुर्ची नाही. मॅजिस्ट्रेटसाहेब साध्या टेबलाशी बसतात, बाजूला मदतीला दोन मानद बाया. पोलीस आले तरी साध्या कपड्यांत, खाकी दिसली की पोरं मुततात म्हणून. डॉक्टरांचं म्हणणं ऐकतात, आगाशेबाईंचं ऐकतात, माझंही ऐकतात. साहेबांनी येसूला जवळ बोलावून विचारलं, बापाकडे जायचं का? ती त्यांच्या पायाखालच्या फरशीकडे बघत म्हणाली, आये खाली हाय. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आई कोकणात निघून गेली म्हणून पोर झुरते, असं त्या म्हणाल्या. मीही मान हलवली.

शिदू आला होता. हात जोडून, दारात चपला काढून, अगदी गोगलगाय. त्याला बघून येसूने माझा पदर असा आवळला की खांद्यावरून सुटला. आगाशेबाई वाडीवर जाऊन आल्या आहेत. घर स्वच्छ, कणगीत दाणे, माणूस निर्व्यसनी. तिथेही सगळे हेच म्हणाले, कमळा खाली गेली. पुढच्या तारखेला साहेब ठरवतील. कुणी प्रतिष्ठित माणूस शिदूसाठी उभा राहिला तर पोर त्याला देतील असं दिसतं.

तू उभा राहू नकोस. तुला त्याचे उपकार फेडायचे असतील तर दुसऱ्या कुठल्याही मार्गाने फेड. आज बायकोवर हात, उद्या पोरीवर, एवढंच मला कळतं. वहिनीला विचार. तुझ्यावरची माया काही आटत नाही, हीच माझी पंचाईत.

तुझी,
हिरा

---

लोणावळा,
ता. २४ ऑगस्ट १९६४

चि. हिरा हीस आशीर्वाद व जयभीम. तुझ्या पत्राने जेवण गोड लागलं नाही. तुझ्या कानाचं तू बोललीस ते बरोबरच आहे.

पण शिदूने काल गँगसमोर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. हमसून रडला. म्हणाला, मुकादम, बायको गेली, आता पोर बी सरकार नेतंय, मंग मी पहार कुनासाठी मारू? हिरा, ज्याने मला मरणातून ओढलं त्याला मी काय सांगू, माझी बहीण नको म्हणते? मी येतो आणि साहेबांपुढे शब्द देतो. आजवर माझा शब्द गँगमध्ये कुणी खाली पडू दिलेला नाही.

वहिनी तुझ्या बाजूची आहे. तिचं म्हणणं, पोरगी घर सोडून पळती ती उगं न्हाई. कोंबडीचं पिल्लू बी रात झाली की खुराड्यात येतं. पण ती बाई माणूस, तिला मायेपुढे दुसरं दिसत नाही.

रागावलीस तरी गवारीची भाजी करून ठेव. आपलं नातं शब्दाहून मोठं आहे, ते तसंच राहू दे.

तुझा,
दादा

---

पुणे,
ता. ६ सप्टेंबर १९६४

ती. दादाच्या सेवेशी जयभीम. तू गाडीत बसलास आणि मी खोलीत येऊन रडले. गवार तशीच राहिली, कुत्र्याला घातली.

तू समोर होतास, म्हणून काय झालं ते सांगत बसत नाही. तू छातीवर हात ठेवून म्हणालास, हा माणूस जीव वाचवणारा आहे, घेणारा नाही, त्याची हमी माझी. साहेब चांगले आहेत, पण त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावरच ते निकाल देणार. पोर बापाच्या ताब्यात, हमीदार तू, आणि आगाशेबाईंनी महिन्यातून एकदा घरी जाऊन बघायचं. कागदावर सगळं रीतसर झालं.

पण तुला जे दिसलं नाही ते ऐक. तू शिदूच्या खांद्यावर हात टाकून पुढे चालला होतास. येसू मागून चालत होती. रडली नाही, ओरडली नाही, माझ्याकडे वळून पाहिलं नाही. चालता चालता तिच्या परकराखालून धार लागली आणि व्हरांडाभर ओला माग उमटत गेला. मी फडकं घेऊन तो पुसला. दादा, दात-नखं चालवणारी पोर अशी गप्प चालायला लागली.

आज तिची जागा झाडली. हसू आलं आणि वाईटही वाटलं. तिला एक खोड होती. आमच्याकडची पुष्कळ पोरं भाकरीचा तुकडा उशाखाली लपवतात, आई भेटायला आली की द्यायला. तो बुरसतो, मुंग्या येतात, मी ओरडते. ही मात्र पहिला घास काढून आवाराच्या भिंतीवर ठेवायची, मग लांब सरकून उभी राहायची. विचारलं तर म्हणे, आयेचा घास. अगं खुळे, म्हटलं, भिंतीवर ठेवलास तर कावळा नेईल, आईला काय मिळणार? तर कावळा येऊन घेऊन गेला की ही गपचूप जेवायला बसायची. नाही आला तर उपाशी. एकदा मी अन्नाची नासाडी म्हणून तिच्या हातावर चापट मारली. आज भिंतीवर तिचा शेवटचा तुकडा तसाच आहे, उन्हाने कडक झालेला. मला तो काढवत नाही.

तिच्याकडे येता-जाता लक्ष ठेव. तू शब्द दिला आहेस, मी नाही. तरी लोभ तोडत नाही, तुटतही नाही.

तुझी,
हिरा

---

लोणावळा,
ता. ११ सप्टेंबर १९६४

ती. हिराताईस केरबाचा जयभीम. हे अक्षर माझं आहे, कारण दादाचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. घाबरू नकोस. तो दवाखान्यात आहे, जिवाला धोका नाही. येसूही जिवंत आहे. ती ओळ आधी लिहिली, आता बाकीचं सांगतो.

तुझं पत्र परवा सकाळी आलं. दादा चुलीपाशी बसून वाचून दाखवत होता, वहिनी भाकरी थापत होती. तू लिहिलेला भिंतीवरचा घास आला तशी वहिनीचा हात थांबला. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, अवो, जित्या आयेचा घास कुनी कावळ्याला घालतं व्हय? आपून बौद्ध झालो, छप्पन सालापास्नं ह्ये सोडलं, म्हनून तुमी भाऊ-बहीन इसरला. ती पोरगी तिच्या वाडीचीच रीत करतीया. आये मेलीया तिची.

तव्यावरची भाकरी जळून धूर झाला. मग दादा एकच शब्द बोलला, खाली. आणि मग म्हणाला, आयेला मारलं म्हंजी जिवंच मारलं की रं. उठला आणि अनवाणीच निघाला. मी त्याच्या मागे, वहिनी पोलीस चौकीकडे. बाजारातून भागूबाईला मी हाताला धरून ओढत घेतलं.

वाडीवर पोचलो तर दार बाहेरून बांधलेलं. आत येसू घराच्या मेढीच्या खांबाला बैलाच्या दाव्याने आवळलेली. तोंडात चिंधी कोंबलेली. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, आणि पाठीवर चामडी पट्ट्याचे वळ एकमेकांवर चढलेले. ताई, तू सांगितलं होतंस तिच्या अंगावर एक वळ नाही. आता जागा नव्हती. तिकडे जाऊन काय सांगितलंस, एवढंच शिदू विचारत होता म्हणे, रोज. दादाने दावं सोडलं. येसूने दादाच्या हातालाही कडकडून चावा घेतला आणि दादाने तो हात तसाच तिच्या तोंडात राहू दिला.

तेवढ्यात शिदू शेतावरून आला. त्याच्या हातात गँगचीच पहार होती. दादाला बघून त्याने हात जोडले नाहीत, सरळ पोरीच्या डोक्यावर पहार उगारली. दादाने हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओली फांदी मोडावी तसा. दुसरा घाव दादाच्या खांद्यावर बसला. मी शिदूच्या पायांत शिरून त्याला पाडलं. तो माझा गळा दाबायला लागला, माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला, आणि मग तो सैल पडला. भागूबाईने उखळातलं मुसळ त्याच्या कानशिलात घातलं होतं. ती आणखी घालत होती. मी मुसळ धरलं नसतं तर तो तिथेच मेला असता.

हवालदार आले, पाटील आला, सारी वाडी गोळा झाली. शिदू हात बांधून बसलेला, म्हणे बायको मुंबईला हाय. त्याची सात खाचरं आहेत, सगळीकडे भात गुडघाभर. कुठे खणायचं? तेव्हा येसू भागूबाईच्या कडेवरून उतरली. बांधाबांधाने चालत तिसऱ्या खाचरापाशी गेली आणि पायाखाली बोट करून म्हणाली, आये खाली हाय.

खणलं. आधी हिरव्या बांगड्यांचा हात निघाला. बाकीचं लिहीत नाही. कवटी मागून फुटलेली होती. मग येसूच्या तोंडून कळलं, लावणीच्या दिवशी भाकरी यायला उशीर झाला म्हणून त्याने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूचा तुंबा तिच्या डोक्यात घातला, चिखलात गाडली आणि वर भातरोपांचं आवण लावून टाकलं, पोरीच्या देखत. तिला म्हणाला, कुनी इचारलं तर सांगायचं आये खाली हाय, दुसरं बोललीस तर तू बी खाली. ताई, आई कुठे असं विचारलं की पोरीने ते अक्षरन् अक्षर पाळलं. त्या नखांचंही आता कळलं. तो कामावर गेला की ती तिथे उकरत होती.

दादा भिंतीकडे तोंड करून पडला आहे. तुला कळवायला सांगतो की माझा शब्द आता कुणी घेऊ नये. तू ये. आमच्यावरची सावली काढून घेऊ नकोस.

तुझा धाकटा,
केरबा

---

पुणे,
ता. २० ऑक्टोबर १९६४

चि. केरबास हिराताईचे आशीर्वाद व जयभीम. तू ड्यूटीमुळे आला नाहीस, आणि दादा घरी येऊन धड काही सांगणार नाही, म्हणून कोर्टात काय झालं ते लिहिते. तुझा गळा बरा आहे ना? त्या गळ्यात वरमाला घालायची आहे अजून.

यावेळी साहेबांनी आधी मला बोलावलं. विचारलं, खाली म्हणजे घाटाखाली, हे तुम्ही सांगितलं होतं? मी हो म्हटलं. त्यांनी शिक्षा नाही केली, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले की यापुढे पोर जो शब्द बोलेल त्याचा अर्थ आधी पोरीला विचारायचा, मोठ्यांना मागून. आगाशेबाई बाजूला रडत होत्या. मी नाही रडले, मला रागच इतका आला होता, स्वतःचा.

शिदूचा खुनाचा खटला मोठ्या कोर्टात चालेल. येसूला इथे त्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. डॉक्टरांनी पाठ बघितली. दोन मानद बायांपैकी एकीने तिला मांडीवर घेतलं, तर तिने बाईंच्या बांगड्या एकेक करून मोजल्यासारख्या चाचपल्या आणि हात सोडलाच नाही.

मग शिदूचे दोन भाऊ उभे राहिले. पोर आमच्या रक्ताची, आमच्या ताब्यात द्या. आणि व्हरांड्यात मला एकाने कानाशी येऊन सांगितलं, पोरीनं साक्ष दिली तर पोर बी जाईल आनि तू बी. मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने साहेबांना सांगितलं. तो अंगावर धावून आला, साध्या कपड्यांतल्या हवालदाराने त्याला दाराच्या चौकटीवर आपटला, दात पडला त्याचा. तोच हवालदार रे, घोरावाडीचा. मनगटावर येसूच्या दातांचा व्रण मिरवतो.

साहेबांनी भागूबाईला विचारलं, तुम्ही सांभाळाल? ती म्हणाली, मी म्हातारी, वाडीत त्यांच्याच शेजारी. रातीला दार कोन धरील? पोर निवृत्तीच्या बायकूला द्या, तिनं घास वळखला. तेव्हा भाऊ ओरडले की ती मानसं आमच्या जातीची न्हाईत, पोर बाटंल. म्हातारीने पदर खोचला. जात मला सांगू नगा, म्हणाली, जातीतल्यानंच माझी लेक गाडली.

साहेब दादाकडे वळले. पुन्हा शब्द द्याल का, म्हणाले. दादा झोळीत हात घेऊन उभा होता. तेवढ्यात वहिनी पुढे आली. साहेब, म्हणाली, ह्यांचा सबूद ऱ्हाऊ द्या. मी ताट वाढीन. मग साहेबांनी लिहिलं: पोर सांभाळायला योग्य व्यक्ती, शकूबाई. दादाचं नाव त्यात नाही, आणि दादाने वाचून मान डोलावली.

भागूबाई बाजाराच्या दिवशी नातीला भेटेल. आगाशेबाई दर महिन्याला येणार आहेत, आणि त्या आता प्रत्येक खोलीत शिरून बघतील. पोरीला सांभाळा. चावली तर चावू द्या. माझ्या वाटचा लोभ तिलाच द्या.

तुझी,
हिराताई

---

लोणावळा,
ता. १३ जून १९६५

चि. हिरा हीस आशीर्वाद व जयभीम. अक्षर वेडंवाकडं आहे, हात अजून पुरता वळत नाही. तरी हे पत्र केरबाकडून लिहून घ्यावंसं वाटलं नाही.

शिदूला जन्मठेप झाली हे तुला कळलंच असेल. ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवशी मी घाटात त्याच जागी जाऊन उभा राहिलो जिथे त्याने मला ओढलं होतं. त्याच हाताने दोन्ही केलं. मला अजून त्याचा मेळ लागत नाही, आणि लागेल असं वाटत नाही.

येसूने आमचं घर हलवून सोडलं. झोपेत किंचाळायची, रतनचे केस उपटायची, भाकरीला उशीर झाला की चुलीमागे लपायची. वहिनीच्या हातावर दातांची नक्षी आहे. वहिनी रोज तिच्याबरोबर दाराबाहेर कमळाचा घास ठेवते. शेजारी कुजबुजले की बौद्धाच्या दारात हे काय. मी सांगितलं, त्या घासाने आमच्या घरात एक माणूस वाचलं आहे, तुम्ही तुमच्या दारात बघा. हल्ली येसू कावळ्याची वाट बघत नाही. घास ठेवते आणि आत येऊन जेवते.

आता कालचं ऐक. माझी सुट्टी होती. दुपारी येसू एकटीच धापा टाकत आली आणि दारात उभी राहिली. वहिनीने विचारलं, रतन कुटं हाय? येसू म्हणाली, मी रतनला मारलं. रतन खाली हाय.

हिरा, तुला आमच्या क्वार्टराच्या पायऱ्या ठाऊक आहेत, उतरल्या की खाली लाइनच. वहिनीच्या हातातलं पिठाचं ताट सुटलं. मी धावलो, वहिनी माझ्या पुढे, तिची कंबर-बिंबर काही नाही. खालून गाडीची शिट्टी ऐकू येत होती.

आणि शेवटच्या पायरीवर रतन बसली होती. कपाळाला टेंगूळ, नाकात शेंबूड, गळा काढून रडत होती, आणि आम्हाला बघून आणखी जोरात रडायला लागली. म्हणाली, आई, येसूनं मला गोटीसाठी मारलं.

वहिनी तिथेच पायरीवर मटकन बसली. हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, रतनला एक धपाटा घातला, तिच्या टेंगळाचा मुका घेतला. मागून येसू आली. तिला वाटलं आता आपल्याला मार पडणार, म्हणून ती वरच्या पायरीवरूनच ओरडून सांगत होती, पयलं तिनं मारलं! पयलं तिनंच मारलं!

मी तिला म्हटलं, कुठे मारलं दाखव. तिने दंड पुढे केला. चिमटा काढल्याची एवढीशी लाल खूण होती. मी त्या खुणेवर फुंकर घातली.

रात्री दोघी एका ताटात जेवल्या आणि गोटीवरून पुन्हा भांडल्या. सवडीने ये. लोभ धर, शब्द मागू नकोस.

तुझा,
दादा